दुसऱ्या डोळ्याचा ए-स्कॅन का नाकारला जातो? ७६५१९ आणि डोळ्याच्या सोनोग्राफीचे बाकीचे कोड

शर्वरी_आरसीएम
अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नेत्र-क्लेमबद्दल प्रश्न आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भिंगाचा नंबर काढायला अल्ट्रासाउंड ए-स्कॅन करतात, त्याचा कोड ७६५१९. समजा पेशंटचे दोन्ही डोळे एकाच दिवशी मोजले. उजव्याचं ऑपरेशन आधी ठरलं म्हणून ७६५१९-आरटी (आरटी म्हणजे उजवा, एलटी म्हणजे डावा) लावला, पैसे आले. तीन आठवड्यांनी डाव्याचं ठरलं, ७६५१९-एलटी लावला आणि तो नाकारला गेला. डोळा वेगळा, तारीख वेगळी, मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) वेगळा. मग अडतं कुठे? दोन्ही डोळ्यांचं बिल एकाच दिवशी करायचं असेल तर ५०, म्हणजे 'दोन्ही बाजू' हा मॉडिफायर, लावायचा का?

शिवाय निदानासाठीच्या सोनोग्राफीचे ७६५१०, ७६५११ आणि ७६५१२ यांत लोक सर्रास घोळ घालतात. त्यावरही जाणकारांनी लिहावं, म्हणजे नवीन कोडरना एकाच ठिकाणी सगळं मिळेल.

लंबक
दोन्ही डोळे एकाच दिवशी असतील तर सरळ ७६५१९-५०, एक ओळ, एक युनिट. वेगळ्या तारखेला असेल तर एलटीसोबत ७९ (आधीच्या ऑपरेशनशी संबंध नसलेली प्रक्रिया) जोडा. पहिल्या डोळ्याचा ९० दिवसांचा ग्लोबल काळ (ऑपरेशननंतरची देखभाल ज्यात त्याच पैशांत धरलेली असते) चालू असतो, त्यामुळेच अडत असणार.

कोडरकाका
लंबक, दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. नवीन मंडळी हा धागा वाचून क्लेम लावतील, म्हणून सविस्तर लिहितो.

७६५१९ चे दोन भाग आहेत. पहिला तांत्रिक, म्हणजे टीसी: मशीन, टेक्निशियन, प्रत्यक्ष मोजमाप. दुसरा व्यावसायिक, म्हणजे २६: डॉक्टरांनी मोजमाप तपासून त्या डोळ्यासाठी भिंगाची पॉवर ठरवणं. मेडिकेअरच्या फी शेड्यूलमध्ये प्रत्येक कोडपुढे बायलॅटरल इंडिकेटरचा रकाना असतो. ७६५१९-टीसीपुढे २ आहे, म्हणजे दर धरतानाच दोन्ही डोळे धरलेले आहेत. ७६५१९-२६ पुढे ३ आहे, म्हणजे प्रत्येक डोळ्याचे पूर्ण पैसे वेगळे मिळतात.

आता शर्वरीताईंचं उदाहरण घ्या. पहिल्या वेळी ७६५१९-आरटी लावला त्यात दोन गोष्टी आल्या: दोन्ही डोळ्यांचा टीसी आणि उजव्याचा २६. दुसऱ्या वेळी ७६५१९-एलटी लावला म्हणजे टीसी पुन्हा मागितला, जो आधीच दिला गेलाय. बाकी होता फक्त डाव्या डोळ्याचा २६. म्हणून दुसरी ओळ ७६५१९-२६-एलटी अशी हवी. २६ आधी लिहायचा, कारण दर बदलणारा मॉडिफायर पहिल्या जागी आणि माहिती देणारा त्यानंतर.

दोन्ही डोळ्यांची पॉवर एकाच दिवशी काढली असेल तर एक ओळ ७६५१९-आरटी, दुसरी ७६५१९-२६-एलटी. किंवा ७६५१९-टीसी एक ओळ आणि ७६५१९-२६-५० दुसरी. पूर्ण कोडवर ५० लावला तर टीसीही दुप्पट मागितल्यासारखा होतो, आणि तिथेच गाडी अडते.

मृण्मयी
काकांना +१. आणि ७९ बद्दल: ग्लोबल पॅकेजमध्ये निदान-चाचण्या येतच नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे, म्हणजे ६६९८४ किंवा ६६९८२ चे, ९० दिवस चालू असले तरी ए-स्कॅन, बी-स्कॅन (सोनोग्राफीचं द्विमितीय चित्र), पॅकिमेट्री (कॉर्नियाची जाडी मोजणं) यांचे पैसे वेगळे मिळतात. ७९ लागतो तो दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला, म्हणजे ६६९८४-७९-एलटीला. चाचणीवर ७९ लावणं म्हणजे नसलेल्या अडचणीला उत्तर देणं.

लंबक
धन्यवाद काका, मृण्मयीताई. इंडिकेटरचा रकाना २६ आणि टीसीच्या ओळींवर वेगवेगळा असू शकतो हे लक्षातच आलं नव्हतं. ९२१३६ ला, म्हणजे ऑप्टिकल बायोमेट्रीलाही (प्रकाशाने डोळा मोजण्यालाही) हेच लागू का?

कोडरकाका
हो, अगदी तसंच. टीसी दोन्ही डोळ्यांचा मिळून, २६ डोळ्यागणिक. वर्ष बदललं की जानेवारीत नवीन फी शेड्यूलची फाइल उतरवून हा रकाना पुन्हा बघायचा. पाठांतरावर विसंबू नये.

दृष्टिपटल
९२१३६ निघालाच आहे म्हणून सांगतो. ऑप्टिकल मशीनचा प्रकाश खूप पिकलेल्या मोतीबिंदूतून आरपार जात नाही, त्यामुळे वाचन मिळत नाही आणि मग अल्ट्रासाउंड करावा लागतो. अशा वेळी काही ठिकाणी दोन्ही कोड लावतात. ते करू नये. भिंगाची पॉवर ज्या चाचणीवरून ठरली त्याच चाचणीचं बिल. एनसीसीआयमध्ये, म्हणजे एकत्र न लावायच्या कोड-जोड्यांच्या मेडिकेअरच्या यादीत, ही जोडी बांधलेलीच आहे. चार्टमध्ये मात्र 'ऑप्टिकल वाचन मिळालं नाही, मोतीबिंदू दाट, म्हणून अल्ट्रासाउंड' असं एक वाक्य जरूर हवं.

अवलोकिता
मला ७६५१० ते ७६५१२ वर लिहायचंय, कारण ऑडिटमध्ये पैसे परत द्यायची वेळ सगळ्यात जास्त इथेच येते.

बी-स्कॅनच्या बहुतेक मशीनवर चित्राच्या खाली किंवा बाजूला ए-स्कॅनची एक रेघ आपोआप दिसते. ती पाहून कुणीतरी म्हणतं, 'ए आणि बी दोन्ही झाले, ७६५१० लावा.' हे साफ चूक आहे. ७६५१२ च्या वर्णनातच लिहिलंय की बी-स्कॅन, त्यावर आलेला अपरिमाणात्मक ए-स्कॅन असो वा नसो. म्हणजे ती रेघ ७६५१२ मध्येच धरलेली आहे.

७६५११ म्हणजे परिमाणात्मक ए-स्कॅन. त्यात स्पाइकच्या उंचीवरून ऊतींची आंतरिक परावर्तनक्षमता मोजतात, गाठीची उंची मिलिमीटरमध्ये देतात, स्पाइक हलतो का ते पाहतात. कोरॉइडच्या मेलानोमात परावर्तन कमी ते मध्यम असतं, हेमँजिओमात जास्त. हा फरक अहवालात लिहिलेला असेल तरच ती परिमाणात्मक चाचणी झाली. आणि ७६५१० कधी? एकाच भेटीत बी-स्कॅन आणि हा परिमाणात्मक ए-स्कॅन दोन्ही केले, दोन्हींचे निष्कर्ष लिहिले, तेव्हाच. ७६५११ आणि ७६५१२ सुटे करून एकाच डोळ्याला, एकाच दिवशी लावता येत नाहीत.

अहवालात फक्त 'व्हिट्रियसमध्ये रक्तस्राव, रेटिना जागेवर' एवढंच असेल तर तो ७६५१२ आहे. डॉक्टर तोंडी काहीही म्हणोत, कोड कागदावर जे आहे त्याचाच.

पश्चिमवारा
या तिन्ही कोडना डोळ्यांचा हिशोब कसा?

अवलोकिता
७६५१०, ७६५११, ७६५१२ एकेका डोळ्याचे. इंडिकेटर ३. दोन्ही डोळ्यांना वैद्यकीय कारण असेल तर दोन्हींचे पूर्ण पैसे मिळतात. पण 'तुलनेसाठी दुसरा डोळाही पाहिला' हे कारण चालत नाही. दुसऱ्या डोळ्याला स्वतःचं लक्षण किंवा निदान हवं.

७६५१३ मात्र वेगळा. डोळ्याच्या पुढच्या भागाची सोनोग्राफी, पाण्यात बुडवलेल्या प्रोबने किंवा साधारण ३५ ते ५० मेगाहर्ट्झच्या यूबीएमने (अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोपीने). २०२१ पासून त्याच्या वर्णनात 'एक किंवा दोन्ही डोळे' आलंय, त्यामुळे एकच युनिट. जुन्या चार्ज-शीटवर अजून आरटी आणि एलटी अशा दोन ओळी छापलेल्या असतील तर त्या आजच काढा.

मृण्मयी
७६५१४, म्हणजे कॉर्नियाची पॅकिमेट्री, तीही एक किंवा दोन्ही डोळे मिळून एकच युनिट. ५० नाही, दोन ओळी नाहीत. एकाच डोळ्याची केली म्हणून ५२ ('सेवा कमी केली' हा मॉडिफायर) लावायचीही गरज नाही, वर्णनातच 'एक' आलेलं आहे. हा कोड फक्त अल्ट्रासाउंडने केलेल्या पॅकिमेट्रीचा. ओसीटी किंवा टोमोग्राफीच्या मशीनने जाडी काढली तर ७६५१४ लावता येत नाही.

काचबिंदूच्या संशयासाठी केलेल्या पॅकिमेट्रीचे पैसे बहुतेक पेयर (विम्याचे पैसे देणारे) आयुष्यात एकदाच देतात. त्यामुळे दरवर्षीच्या तपासणीत सवयीने टिक करू नका. पेशंट दुसरीकडून आला असेल तर आधीच्या नोंदी मागवून जाडीचा आकडा मिळवा, चाचणी वाचते. पुन्हा करायची तर कॉर्नियात काहीतरी बदललेलं असावं: फुक्स डिस्ट्रॉफीत वाढलेली सूज, शस्त्रक्रिया, जखम. ते चार्टमध्ये लिहिलेलं असावं. लेसिकसाठी केलेली पॅकिमेट्री मेडिकेअरच्या कक्षेतच येत नाही, तिचे पैसे पेशंटकडून.

झुळूक
कोणीतरी चित्रांबद्दल सांगा ना. प्रत्येक अल्ट्रासाउंडला कायमस्वरूपी चित्र जपलंच पाहिजे, नाहीतर बिल करता येत नाही, असं सगळीकडे सांगितलं जातं. बायोमेट्रीत चित्र कसलं?

कोडरकाका
नियम तसाच आहे, पण त्याला अपवाद सीपीटीनेच (या कोडांच्या अधिकृत पुस्तकानेच) लिहून दिलाय. अल्ट्रासाउंड विभागाच्या सुरुवातीच्या सूचना वाचा. निदानाच्या सगळ्या अल्ट्रासाउंडना कायम जतन केलेली चित्रं हवीत. मात्र ज्यांचा एकमेव हेतू मोजमाप हाच आहे ते कोड, म्हणजे ७६५१४, ७६५१६ (भिंगाची पॉवर न काढता केलेली बायोमेट्री) आणि ७६५१९, यांना चित्राची सक्ती नाही. लेखी अंतिम अहवाल मात्र यांनाही हवाच. ७६५१२ चं चित्र नसेल तर क्लेम ऑडिटमध्ये टिकणार नाही.

दृष्टिपटल
काकांशी सहमत, पण सक्ती नाही म्हणून ट्रेस फेकून देऊ नका. पॉवरबद्दल शंका आली की सगळ्यात आधी तोच पाहिला जातो. चांगल्या ट्रेसमध्ये कॉर्निया, भिंगाचा पुढचा पृष्ठभाग, मागचा पृष्ठभाग, रेटिना आणि स्क्लेरा असे पाच स्पाइक हवेत. रेटिनाचा स्पाइक बेसलाइनपासून सरळ उभा चढलेला हवा, पायऱ्या पडलेला नको. बुडवलेल्या पद्धतीत प्रोबचा आणि कॉर्नियाचा स्पाइक सुटे दिसतात, त्यावरून दाब पडलेला नाही हे कळतं.

हे बिलिंगवाल्यांना कशाला, असं वाटेल. पण पुन्हा मोजमाप का केलं, हे क्लेममध्ये पटवून द्यायचं तर कारण समजायला हवं. प्रोब कॉर्नियावर टेकवून मोजताना थोडा दाब पडला तरी लांबी ०.१ ते ०.३ मिमी कमी येते. लांबीतली १ मिमीची चूक म्हणजे भिंगाच्या पॉवरमध्ये साधारण २.५ ते ३ डायॉप्टर. म्हणजे नुसत्या ०.१ मिमीने पाव डायॉप्टर गेला. लांबी कमी आली की भिंग जास्त पॉवरचं निवडलं जातं आणि पेशंटला ऑपरेशननंतर मायनस नंबर राहतो. दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिमीहून जास्त फरक आला तर मोजमाप पुन्हा तपासायचं, हा साधा नियम.

पश्चिमवारा
विषय निघालाय तर सिलिकॉन तेल भरलेल्या डोळ्याचंही सांगा.

दृष्टिपटल
तिथे आवाजाचा वेग बदलतो. ॲक्वियस आणि व्हिट्रियसमध्ये वेग १५३२ मीटर प्रति सेकंद, नैसर्गिक भिंगात १६४१, सगळ्या डोळ्याची सरासरी १५५०. हलक्या सिलिकॉन तेलात मात्र सुमारे ९८०. मशीन १५५० वरच ठेवलं तर २३.५ मिमीचा डोळा ३२ मिमीच्या आसपास दिसतो. भिंग काढलेल्या डोळ्याला १५३२ धरायचा. कृत्रिम भिंग बसवलेलं असेल तर ते कशाचं आहे त्यावर दुरुस्ती, कारण पीएमएमएत वेग २७०० च्या वर जातो आणि सिलिकॉनच्या भिंगात १००० च्या आसपास असतो.

बिलिंगशी संबंध असा की अहवालात मशीनचा मोड लिहिलेला हवा: फेकिक (नैसर्गिक भिंग), अफेकिक (भिंग नाही), स्यूडोफेकिक (कृत्रिम भिंग) की सिलिकॉन तेल. मोड चुकून मोजमाप पुन्हा केलं तर ती दुसरी चाचणी ठरत नाही, तिचं बिल नाही.

झुळूक
मोड चुकीचा लावून पुन्हा मोजलं त्याचे पैसे नाहीत, हे बरोबरच. पण वर्षभराने पेशंट ऑपरेशनला आला तर?

मृण्मयी
मग मधल्या काळात काय बदललं ते पाहायचं. आधीचं मोजमाप वापरण्याजोगं असेल तर टीसी पुन्हा लागत नाही, त्या डोळ्याचा २६ तेवढा लावायचा. पुन्हा मोजायचं तर चार्टमध्ये कारण हवं: मधे झालेली रेटिनाची शस्त्रक्रिया, आधीच्या वाचनातला असमान फरक, नजरेत पडलेला बदल. 'नियमित' हा शब्द अशा जागी क्लेमचा घात करतो.

शर्वरी_आरसीएम
खूप छान माहिती येतेय. मोतीबिंदूच्या पेशंटला बी-स्कॅनही करावा लागला तर तो वेगळा मिळतो का? काही ठिकाणी सरसकट ७६५१९ आणि ७६५१२ एकत्र लावलेले दिसतात.

अवलोकिता
सरसकट लावणं धोक्याचं. मेडिकेअरचा राष्ट्रीय कव्हरेज निर्णय १०.१ स्पष्ट आहे: निदान फक्त मोतीबिंदू असेल तर एक सर्वंकष नेत्रतपासणी आणि एक ए-स्कॅन, किंवा वैद्यकीयदृष्ट्या योग्य असेल तर बी-स्कॅन. त्यापलीकडच्या चाचण्या नेहमीच्या म्हणून दिल्या जात नाहीत. बी-स्कॅन योग्य ठरतो तो मोतीबिंदू इतका दाट असेल की रेटिना दिसतच नाही तेव्हा. मग निदान-कोडनेही तेच सांगायला हवं. अतिपक्व मोतीबिंदू, उजवा डोळा, म्हणजे एच२५.२१. चार्टमध्ये 'फंडस दिसत नाही' असं लिहिलेलं हवं. साधा न्यूक्लियर मोतीबिंदू एच२५.११, खाली रेटिना स्पष्ट दिसते अशी नोंद आणि सोबत बी-स्कॅनचा क्लेम असेल, तर तो सीओ-५०, म्हणजे 'वैद्यकीय गरज नाही' हे नकाराचं कारण, घेऊन परत येणार.

लंबक
निदान-कोडवरून आठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असताना उजव्याच्या ओळीला एच२५.११ (उजवा डोळा) लावायचा की एच२५.१३ (दोन्ही डोळे)?

कोडरकाका
चांगला प्रश्न. आयसीडी-१० च्या मार्गदर्शक सूचनांत उत्तर आहे. दोन्ही बाजूंना आजार असेल आणि प्रत्येक बाजूचा उपचार वेगळ्या भेटीत होणार असेल, तर पहिल्या भेटीला दोन्ही बाजूंचा कोड, एच२५.१३, कारण आजार अजून दोन्हीकडे आहे. पहिला डोळा झाल्यावर तिथे मोतीबिंदू उरलेला नसतो. म्हणून दुसऱ्या भेटीला एका बाजूचा, एच२५.१२. ऑपरेशन झालेल्या डोळ्याची नोंद झेड९६.१. दुसऱ्या वेळी सवयीने एच२५.१३ राहिला तर मॉडिफायर एलटी आणि निदान दोन्ही डोळ्यांचं, अशी विसंगती चार्टशी तपासताना लगेच उघडी पडते.

झुळूक
वाचनखूण साठवली आहे. एकाच दिवशी तीन-चार चाचण्या झाल्या की पैसे कमी येतात, त्या सीओ-५९ वर, म्हणजे अनेक चाचण्यांमुळे झालेल्या कपातीवर, अपील करावं का?

मृण्मयी
नको, ती कपात नियमाप्रमाणेच आहे. २०१३ पासून नेत्र-चाचण्यांवर मल्टिपल प्रोसिजरची कपात लागते. एकाच पेशंटच्या, एकाच दिवशीच्या चाचण्यांत सर्वांत महाग टीसीचे पूर्ण पैसे, बाकीच्या टीसींवर २० टक्के कपात. २६ ला हात लागत नाही. ही कपात चुकवायला चाचण्या मुद्दाम वेगळ्या दिवशी ठेवणं मात्र अयोग्य. पेशंटला हेलपाटा पडतो आणि नोंदीवरून तो नमुना सहज दिसून येतो.

पश्चिमवारा
चाचणी हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात झाली तर? पीओएस, म्हणजे सेवेच्या जागेचा कोड, २२.

मृण्मयी
मशीन आणि टेक्निशियन हॉस्पिटलचे, म्हणून तांत्रिक भागाचं बिल हॉस्पिटलचं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांना फक्त २६ लावायचा. पीओएस ११ चा (डॉक्टरांच्या क्लिनिकचा) टेम्प्लेट तसाच वापरला की पूर्ण कोड जातो आणि क्लेम अडकतो.

शर्वरी_आरसीएम
मूळ प्रश्नाकडे परत येते. नाकारलेला ७६५१९-एलटी आता दुरुस्त कसा करायचा? आणि दुसऱ्या ओळीची तारीख कोणती, मोजमाप झालं ती की पॉवर ठरवली ती?

कोडरकाका
तारीख आधी. २६ हे डॉक्टरांचं काम, म्हणून डाव्या डोळ्याचा अहवाल आणि पॉवर ज्या दिवशी ठरवली, ती तारीख. त्या दिवशीचा सही केलेला अहवाल चार्टमध्ये हवा: डाव्या डोळ्याची लांबी, के-वाचन (कॉर्नियाची वक्रता), मोड, सूत्र, किती नंबर राहावा याचं लक्ष्य, निवडलेलं भिंग आणि त्याची पॉवर. पहिल्या दिवशीच दोन्ही डोळ्यांची पॉवर ठरवून सही झाली असेल तर डाव्याची तारीखही तीच. मग ऑपरेशन तीन आठवड्यांनी असो की तीन महिन्यांनी.

दुरुस्तीसाठी आधी रेमिटन्स, म्हणजे क्लेमच्या निर्णयाचा आलेला खुलासा, वाचा. एमए१३० आला असेल तर क्लेम प्रक्रियेलाच घेतलेला नाही. अपीलचा हक्क नाही, नवा, बरोबर क्लेम पाठवायचा. मेडिकेअरची मुदत सेवेच्या तारखेपासून एक वर्ष. एमए१३० नसेल आणि ओळ नाकारलेली असेल, तर राहून गेलेला मॉडिफायर ही कारकुनी चूक धरतात. त्यासाठी रीओपनिंग, म्हणजे निर्णय पुन्हा उघडून दुरुस्ती, मागायचं, पहिल्या निर्णयापासून एक वर्षाच्या आत. हे फोनवरून किंवा पोर्टलवरूनही होतं. रीडिटर्मिनेशन, म्हणजे अपीलची पहिली पायरी, त्यासाठी १२० दिवस असतात, पण इथे त्या वाटेला जायची गरज नाही. निर्णय चुकीचा नव्हता, ओळ चुकीची होती. नुसता तोच क्लेम पुन्हा पाठवलात तर सीओ-१८, डुप्लिकेट.

अवलोकिता
एक भर: हे सगळं मेडिकेअरचं. खासगी पेयर काही वेळा टीसी आणि २६ चा हा डोळ्यांचा हिशोब मानत नाहीत. काहींना दोन ओळी लागतात, काहींना ५०. करारातलं आणि त्यांच्या पॉलिसीतलं लेखी वाचून प्रत्येक पेयरसाठी वेगळा नियम सिस्टिममध्ये टाकून ठेवा.

शर्वरी_आरसीएम
समजलं. पहिल्या दिवशी सही फक्त उजव्या डोळ्याच्या अहवालावर आहे, डाव्याचा अहवाल नंतरचा. म्हणजे ओळ अशी जाईल: ७६५१९-२६-एलटी, एक युनिट, निदान एच२५.१२, तारीख डाव्याच्या अहवालाची, रीओपनिंगमधून. बरोबर ना?

कोडरकाका
बरोबर. फक्त उजव्याचं ऑपरेशन त्या तारखेच्या आधी झालंय ना, ते बघा. झालं नसेल तर अजून एच२५.१३ च. आणि सीएमएस-१५०० या क्लेम-फॉर्मच्या १७ व्या रकान्यात चाचणी मागवणाऱ्या डॉक्टरांचं नाव डीके क्वालिफायरसह, १७बी मध्ये एनपीआय (त्यांचा ओळख क्रमांक). ते राहिलं तर हीच ओळ सीओ-१६ (माहिती अपुरी) घेऊन परत येईल.